बारावीनंतर नृत्याची पदवी: ऑडिशनपासून प्रवेशापर्यंत पालकांचं काम कोणतं

मुलगी किंवा मुलगा बारावीच्या उंबरठ्यावर येऊन म्हणतो, "मला कथकच करायचंय," किंवा "भरतनाट्यममध्येच पदवी घ्यायचीय," तेव्हा घरात पहिला प्रश्न पोटापाण्याचा निघतो. प्रश्न रास्त आहे, त्याकडे खाली येऊच. पण त्याच्याआधी एक गोष्ट ठरवून टाका. नाच गुरू आणि मूल बघतील. नाचाभोवतीचं बाकी सगळं, म्हणजे चौकशी, कागदपत्रं, पैसा, प्रवास, झोप, पाय आणि सुरक्षितता, हे तुमचं खातं. वर्गात इतकी वर्षं मुलं आणि त्यांचे आईबाबा पाहून माझं हे मत पक्कं झालंय की जिथे ही वाटणी स्पष्ट असते, तिथे मूल ऑडिशनच्या खोलीत मोकळं नाचतं.

आधी कोर्स म्हणजे काय ते समजून घ्या

नृत्याचे अभ्यासक्रम ढोबळमानाने दोन जातींचे आहेत. एक विद्यापीठाची पदवी. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र (गुरुकुल) आहे. १९८७ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात संगीत आणि नाट्याबरोबर नृत्याचीही पदवी मिळते. पुण्यातच भारती विद्यापीठाचं स्कूल ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स आहे. मुंबईत जुहूला डॉ. कनक रेळे यांनी सुरू केलेलं नालंदा नृत्यकला महाविद्यालय आहे, ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात भरतनाट्यम आणि कथकची पदवी मिळते आणि तिथल्या जुन्या मराठी वस्तीमुळे आपल्याकडच्या मुलांना ते शहर फारसं परकं वाटत नाही. विदर्भातल्या पालकांनी खैरागढचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय जरूर बघावं. १९५६ पासून चालत आलेलं, केवळ कलांना वाहिलेलं हे विद्यापीठ छत्तीसगडमध्ये असलं तरी गोंदियाहून पुण्यापेक्षा कितीतरी जवळ आहे.

दुसरी जात संस्थेच्या डिप्लोमाची. चेन्नईचं कलाक्षेत्र (रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ मध्ये स्थापन केलेलं) आणि दिल्लीचं कथक केंद्र (१९६४, संगीत नाटक अकादमीच्या अखत्यारीतलं) ही यातली मोठी नावं. इथलं शिक्षण सखोल असतं, दिवसाचे कितीतरी तास नाचातच जातात. पण हातात येतो तो डिप्लोमा, विद्यापीठाची बी.ए. पदवी नव्हे. पुढे महाविद्यालयात शिकवायचं तर एम.ए. आणि नेट (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) लागते, आणि एम.ए.ला जायला पदवी लागते. यूजीसीने २०२२ पासून एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायची मुभा दिली आहे. त्यामुळे डिप्लोमा करताकरता इग्नू किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून दूरस्थ पदवी घेता येते. डिप्लोमाच्या वाटेला जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पालकांना मी हे करायला सांगते. पंचविशीत "पदवी नाही म्हणून अर्ज बाद" हे ऐकणं फार जड जातं.

विशारदचंही तेच. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचल्या आहेत. प्रारंभिकपासून विशारदपर्यंत चढत गेलेल्या मुलाची तालाची आणि शास्त्राची बैठक पक्की होते आणि ऑडिशनमध्ये ती दिसते. मात्र "विशारद झाली म्हणजे ग्रॅज्युएट झाली" असं धरून चालू नका. ती परीक्षा कुठे आणि कशासाठी ग्राह्य धरतात, हे ज्या संस्थेत अर्ज करायचा तिथेच विचारा.

अकरावीत करायची कामं

संस्थेची माहितीपत्रकं सगळी छानच दिसतात. त्यापेक्षा तिथे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेली दोन-तीन मुलं शोधा आणि त्यांना भेटा. त्यांना विचारा: रोज प्रत्यक्ष नाच किती तास? शिकवतं कोण, माहितीपत्रकावरचे मोठे गुरू की त्यांचे शिष्य? साथीला तबलजी असतो की स्पीकर? सरावाची खोली संध्याकाळी मिळते का? फरशी कशाची आहे? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण नुसत्या काँक्रीटवर रोज चार तास पाय आपटले की नडगीचं काय होतं, ते पहिल्या सहामाहीतच कळतं. लाकडी किंवा खाली पोकळी सोडलेली जमीन असेल तर ती मोठी जमेची बाजू समजा.

संस्थेच्या नावापेक्षा रोज समोर कोण उभं राहणार, याला मी जास्त वजन देते. पुण्याला कथकचं शहर म्हणतात ते रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये नृत्यभारती काढून पिढ्यान्‌पिढ्या शिष्य घडवले म्हणून.

याच वर्षी आणखी एक नाजूक काम करायचं असतं: आताच्या गुरूंशी बोलायचं. आपल्याकडे बरेच पालक हे लपवतात. फॉर्म गुपचूप भरतात आणि निकाल लागल्यावर पेढे घेऊन जातात. कृपा करून असं करू नका. सातव्या वर्षापासून ज्यांनी मुलाचा हात धरून तत्कार (कथकमधलं पायांचं काम) शिकवला, त्यांना सगळ्यांत आधी कळलं पाहिजे. मुलाला बरोबर घेऊन जा, पण बोलू मुलालाच द्या. "ताई, मला पुढे यातच शिकायचंय, कुठे अर्ज करू?" असं शिष्याने विचारलं तर बहुतेक गुरू स्वतःहून मार्ग दाखवतात, रचना निवडून देतात, कधी ओळखीच्या साथीदाराला बोलावतात. घराणं किंवा बानी (भरतनाट्यममधली शैलीची परंपरा) बदलणार असेल तर तेही इथेच बोलून घ्या. जयपूर घराण्याच्या जोरकस तत्कारात वाढलेलं मूल लखनौच्या गुरूंकडे गेलं की सुरुवातीला अंग पुन्हा घडवावं लागतं. कलाक्षेत्रात तर कितीही वर्षं शिकून आलेल्या मुलाला पहिल्या अडवूपासून (भरतनाट्यमच्या मूळ पदन्यासापासून) सुरुवात करायला लावतात. रंगप्रवेश (पहिला पूर्ण एकल कार्यक्रम) झालेल्या मुलीला हे अपमानासारखं वाटू शकतं, म्हणून तिला आधीच सांगून ठेवा.

बारावीचं वर्ष

नाच बंद करू नका. बोर्डाच्या परीक्षेसाठी ऑक्टोबरपासून क्लास सोडायला लावला की मार्चमध्ये दम आणि पाय दोन्ही गेलेले असतात. मग एप्रिल-मेमध्ये घाईघाईने सराव वाढवला की दुखापत होते. रोज अर्धा-पाऊण तास, तेवढंच ठेवा: तत्कार किंवा अडवू, थोडी पढंत (तालात बोल म्हणणं), थोडं ताणणं. परीक्षा संपली की दर आठवड्याला थोडा थोडा वेळ वाढवत न्या.

पायांकडे लक्ष ठेवणं हे आईबाबांचं काम आहे, कारण मूल सांगत नाही. नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवलं की कळ येते, रात्रीही दुखतं, विश्रांती घेऊनही आठवडाभर तसंच, असं असेल तर तेल-मालिशवर वेळ काढू नका, हाडांच्या डॉक्टरांकडे जा. हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. मुलींच्या बाबतीत आणखी एक: बारीक दिसण्यासाठी जेवण तोडलं आणि सलग तीन महिने पाळी आली नाही, तर हा "नाचामुळे होतं" म्हणून सोडून द्यायचा विषय नाही. अशा मुलींची हाडं लवकर दुखावतात. "थोडं वजन कमी कर, स्टेजवर छान दिसशील" हे वाक्य घरात कोणीही उच्चारू नये, आजीनेसुद्धा नाही.

कागदपत्रं याच काळात गोळा करा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, अधिवास प्रमाणपत्र, लागू असेल तर जातीचा दाखला, जात पडताळणी आणि नॉन-क्रिमिलेअर, तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला. बाहेरच्या बोर्डातून किंवा राज्यातून येत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र. जूनमध्ये सेतू केंद्राबाहेर ज्या रांगा लागतात त्या सगळ्यांना माहीत आहेत. जात पडताळणीला तर महिने जातात, तो अर्ज अकरावीतच करा. नाचाच्या प्रमाणपत्रांची मात्र जाडजूड फाइल नको. गांधर्वच्या परीक्षा, एखादी शिष्यवृत्ती, दोन-तीन महत्त्वाचे कार्यक्रम एवढं पुरे. गणेशोत्सवातली बक्षिसं आणि रिअ‍ॅलिटी शोच्या फेऱ्या परीक्षकांसमोर मांडू नका, त्यांना त्यातून हवं ते कळत नाही.

बहुतेक ठिकाणी अर्ज उन्हाळ्यात निघतात, काही वेळा बारावीचा निकाल लागण्याआधीच. तारखा दरवर्षी हलतात, म्हणून एप्रिलपासून प्रत्येक संस्थेचं संकेतस्थळ आठवड्यातून एकदा उघडून बघायचं काम घरातल्या एकाने अंगावर घ्यावं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवी ३ वर्षांची की ४ वर्षांची, मध्येच बाहेर पडलं तर काय मिळतं, हेही त्याच वेळी विचारून ठेवा.

ऑडिशनमध्ये नक्की काय बघतात

पालकांचा समज असा की सगळ्यांत अवघड तुकडा सादर करणारं मूल निवडलं जातं. परीक्षकांना मूल पुढच्या काही वर्षांत घडेल का, हे बघायचं असतं. म्हणून ते नाच मध्येच थांबवतात, लय बदलायला सांगतात, एखादा नवा बोल शिकवून तिथल्या तिथे करायला लावतात. किती लवकर पकडतंय, चुकल्यावर चेहऱ्यावर काय येतं, दुरुस्ती सांगितली की अंगात उतरते का, हे त्यातून दिसतं.

कथकच्या मुलाला तीनतालातला तत्कार ठाय, दुगुन, चौगुन (मूळ, दुप्पट, चौपट लयीत) असा स्वच्छ करून दाखवता आला पाहिजे, आणि ठायमध्ये परत येताना लय हलता कामा नये. थाट, आमद, दोन-तीन तोडे, एक परण, एक कवित्त, थोडी गत आणि एखादी छोटी अभिनयाची रचना एवढी तयारी असावी. २७ चक्करांची चक्करदार करताना समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) डगमगण्यापेक्षा पाचच चक्कर घेऊन दगडासारखं उभं राहणं परीक्षकांना जास्त सांगून जातं. पढंत हमखास विचारतात. हातावर ताल धरून बोल स्पष्ट म्हणता आले पाहिजेत. तीनतालाच्या १६ मात्रांखेरीज झपतालाच्या १० आणि रूपकच्या ७ मात्रांतही काहीतरी हाताशी असलेलं बरं.

भरतनाट्यमसाठी अडवू तीन कालांत, अरमंडी (गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसण्याची स्थिती) शेवटच्या मिनिटापर्यंत तशीच बसलेली, एक अलारिप्पु किंवा जतिस्वरम्, आणि शब्दम किंवा पदममधला अभिनय. हस्तमुद्रांचे श्लोक विनियोगासह (उपयोगांसह) पाठ असावेत. असंयुत हस्त (एका हाताच्या मुद्रा) २८ आहेत, त्यातल्या कुठल्याही एकाचे उपयोग विचारू शकतात.

बहुतेक मुलं अडखळतात ती साथीवर. आजकाल घरचा सगळा रियाज मोबाइलमधल्या लेहऱ्यावर (तालाच्या आवर्तनात फिरत राहणाऱ्या धुनेवर) किंवा रेकॉर्ड केलेल्या गाण्यावर होतो. तो लेहरा कधी थकत नाही आणि कधी पुढे सरकत नाही. ऑडिशनला खरा तबलजी समोर आला, त्याने ठेका जरा वेगळ्या वजनाने धरला, की मूल गोंधळतं. म्हणून महिनाभर आधी चार-पाच बैठका प्रत्यक्ष तबला-हार्मोनियमबरोबर घडवून आणा. भरतनाट्यमचं मूल असेल तर गुरूंना तट्टुकळीवर (लाकडी ठोकळा आणि काठी) नट्टुवांगम करून, म्हणजे ताल देत बोल म्हणून, नाचवायला सांगा. या बैठकांवर केलेला खर्च नव्या पोशाखावर केलेल्या खर्चापेक्षा फार कामी येतो.

तोंडी मुलाखत मुलाने स्वतःच्या शब्दांत द्यावी. "लहानपणापासून आवड आहे" हे उत्तर दिवसभरात प्रत्येक जण देतो. शेवटचा कार्यक्रम कोणता पाहिला, त्यात काय आवडलं, कुठली रचना अजून जमत नाही आणि का, यावर मूल दोन मिनिटं मनापासून बोलू शकलं तर ते पुरतं. उत्तरं पाठ करून घेऊ नका. त्यापेक्षा वर्षभर त्याला कार्यक्रमांना न्या आणि परतीच्या वाटेवर गप्पा मारा.

काही ठिकाणी आधी व्हिडिओ मागवतात. फोन आडवा, स्टँडवर, कमरेच्या उंचीवर ठेवा. डोक्यापासून पावलांपर्यंत सगळं पूर्ण वेळ चौकटीत दिसलं पाहिजे, पाय कापले गेले तर कथकचा व्हिडिओ पाठवून उपयोग नाही. मागे मोकळी भिंत, समोरून उजेड, एकसलग चित्रण. फिल्टर नको, संगणकावर संगीत वरून चिकटवणं नको, कारण घुंगरांचा आवाज तालात आहे की नाही हेच त्यांना ऐकायचं असतं.

जाण्याचा दिवस

ऑडिशन जून-जुलैत असेल तर पाऊस धरून चाला. घाटात दरड कोसळली की मुंबई-पुणे गाड्या तासन्‌तास अडकतात. आदल्या संध्याकाळी पोचा. नातेवाइकांकडे उतरायचं तर शांत झोप मिळेल असं घर निवडा.

पिशवीत घुंगरू आणि जास्तीच्या दोऱ्या, सेफ्टी पिना, सरावाचा साधा पोशाख (कथकसाठी सलवार-कमीज आणि कमरेला बांधायची ओढणी, भरतनाट्यमसाठी सरावाची साडी), संगीत दोन फोनमध्ये आणि पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलेलं, मूळ कागदपत्रं आणि स्वतः साक्षांकित केलेल्या प्रतींचे दोन संच. घुंगरू नेहमीचेच न्या. घरी शंभराचे बांधून त्या दिवशी दीडशेचे बांधले की पाय उचलेनासे होतात. मेकअप फार तर काजळ-टिकली. खाणं रोजचं, साधं. नाचायच्या दोन तास आधी थोडं खाऊ घाला, नंतर केळं आणि पाणी.

दारापर्यंत जा आणि तिथे थांबा. खिडकीतून चित्रण करू नका, बाहेर बसलेल्या इतर मुलांच्या आईबाबांशी तुलना सुरू करू नका, परीक्षकांच्या ओळखी काढू नका. मूल बाहेर आलं की आधी पाणी द्या, घुंगरू सोडायला मदत करा. काय विचारलं, कसं झालं, हे ते स्वतःहून सांगेपर्यंत थांबा.

होकार देण्याआधी

फी हा खर्चाचा एक भाग. वसतिगृह, जेवण, पोशाख, कार्यक्रमांसाठी साथीदारांचं मानधन आणि प्रवास मिळून बरेचदा फीपेक्षा जास्त होतात. वरच्या वर्षाच्या मुलांना वर्षाचा पूर्ण खर्च विचारा. शिष्यवृत्त्यांसाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर तुमच्या प्रवर्गाला आणि अभ्यासक्रमाला काय लागू होतं ते बघा. केंद्र सरकारच्या सीसीआरटी या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेची १० ते १४ वर्षांच्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती आधीच मिळत असेल तर तिचं नूतनीकरण चुकवू नका. पहिली पदवी होईपर्यंत किंवा विसाव्या वर्षापर्यंत ती पुढे चालू शकते. संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या तरुण कलाकारांसाठीचीही शिष्यवृत्ती आहे, २ वर्षं महिना ५,००० रुपयांची. निवडीसाठी पुन्हा प्रात्यक्षिक द्यावं लागतं, पण ऑडिशनची तयारी ताजी असतानाच अर्ज केला तर वेगळे कष्ट पडत नाहीत.

सुरक्षिततेबद्दल संकोच करू नका. नृत्यात गुरू अंगाला हात लावून दुरुस्ती करतात, शिष्य प्रश्न विचारत नाही, वर्ग कधी बंद खोलीत एकट्याचा असतो. या सगळ्याचा गैरफायदा घेतला जाऊ शकतो. २०२३ मध्ये कलाक्षेत्रातल्या विद्यार्थिनींना लैंगिक छळाच्या तक्रारींवरून आंदोलनाला बसावं लागलं होतं. यूजीसीच्या २०१५ च्या नियमांनुसार प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असणं बंधनकारक आहे. समितीत कोण आहेत, त्यांचे फोन नंबर कुठे लावलेत, हे प्रवेशाच्या वेळी कार्यालयात सरळ विचारा. ज्या कार्यालयाला हा प्रश्न आवडत नाही, तिथे मी माझ्या विद्यार्थिनीला पाठवणार नाही. मुलग्यांच्या पालकांनीही हे विचारावं. आणि घरी मुलाला एवढं स्पष्ट सांगून ठेवा की कुणाच्याही बाबतीत, कितीही मोठ्या गुरूंच्या बाबतीत, तू सांगशील त्यावर आम्ही आधी विश्वास ठेवू.

मुलगा नाचात पदवी घेतोय म्हटलं की काका-मामांच्या भुवया वर जातात. त्यांना उत्तर देणं हेही तुमचंच काम आहे, अठरा वर्षांच्या मुलावर ते टाकू नका. पोटापाण्याचं म्हणाल तर शाळांमधले नृत्यशिक्षक, स्वतःचा वर्ग, कार्यक्रम, नाटक-चित्रपटांचं नृत्यदिग्दर्शन, एम.ए. आणि नेटनंतर प्राध्यापकी, नृत्याधारित उपचार अशा वाटा आहेत. बहुतेक कलाकार दोन-तीन वाटा एकत्र चालतात. पहिली काही वर्षं मिळकत कमी आणि अनियमित असते. घरून किती वर्षं, किती आधार देता येईल, हा आकडा प्रवेश घेण्याआधी मुलासमोर मोकळेपणाने मांडा.

प्रतीक्षा यादीत नाव आलं तर दुसरा पर्याय सोडू नका, आणि दुसरीकडे फी भरली असेल तर ती परत मिळायची शेवटची तारीख लिहून ठेवा. नकार आला तर काही दिवसांनी मुलानेच नम्रपणे विचारावं की कुठे कमी पडलो. कुणी सांगतात, कुणी नाही. मग साध्या बी.ए.ला किंवा बी.कॉम.ला प्रवेश घेऊन आताच्या गुरूंकडे रोज दोन-तीन तास रियाज करायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा, ही वाट पूर्णपणे खुली आहे. संस्कृत किंवा मानसशास्त्र घेतलं तर पुढे नृत्याच्या एम.ए.लाही त्याचा उपयोग होतो, फक्त पदवी दुसऱ्या विषयातली चालते का, ते त्या विभागात आधी विचारून घ्या.

प्रवेश झाला की पहिल्या सहामाहीत दर आठवड्याला फोनवर तीन गोष्टी विचारा: झोप होते का, जेवण पुरतं का, पाय दुखतात का. नाच कसा चाललाय, हे दिवाळीच्या सुट्टीत घरी आल्यावर विचारलं तरी चालेल.